गुणपडताळणी

दहावीचा निकाल लागला की दोन-चार दिवसांत शाळेच्या कचेरीसमोर पालकांची एक छोटीशी रांग लागायची. गुणपडताळणीचे अर्ज! पोराला मराठीत ९० हवे होते आणि पडले ७१, म्हणजे नक्कीच तपासणाऱ्याची चूक. आम्ही शिक्षक आपापसात हसायचो. माझं तर ठाम मत होतं की तपासनीस चुकला तर बेरजेत चुकतो, उत्तर वाचण्यात चुकत नाही. निदान मी तरी चुकत नाही.

आज तसाच एक अर्ज माझ्यासमोर आहे. तो भरला आहे मीच, आणि मूळ तपासनीसही मीच होतो. ज्याच्यासाठी अर्ज केलाय तो मात्र मुका आहे. निकॉन कंपनीचा डी९० हा कॅमेरा. २०१६ साली इथेच लिहिताना मी त्याला १०० पैकी ४२ गुण दिले होते, बाबवार हिशेब मांडून. "काठावर पास, कोणी घेऊ नये" असा शेराही मारला होता. काहींना आठवत असेल. तो निकाल चुकला होता. आणि त्या चुकीपायी घरातल्या माणसांशी मी एक खोटं बोललो होतो, नकळत का होईना. ते आता सांगून टाकतो.

तर झालं असं...

मी निवृत्त झालो २००७ मध्ये आणि हा कॅमेरा घेतला २००९ मध्ये. तोवर माझ्याकडे आधी आग्फाचा क्लिक थ्री, एका रोलमध्ये बारा फोटो, आणि नंतर मुलीने दिलेला एक खिशात मावणारा डिजिटल. डी९० बाजारात आला ऑगस्ट २००८ मध्ये. तेव्हा या भिंग बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांचे साधारण तीन वर्ग होते. पहिल्या बाकावर नवशिक्यांचे, हलके आणि स्वस्त. शेवटच्या बाकावर धंदेवाल्यांचे, लोखंडासारखे जड, किंमतही तशीच. आणि मधल्या बाकावर आमच्यासारख्या हौशी लोकांचे. डी९० हा मधल्या बाकावरचा.

मधल्या बाकाला जास्त पैसे का मोजायचे, हे मला दुकानात कोणी नीट सांगितलं नाही. बरोबरचं पुस्तक इंग्रजीत होतं. ते शब्दकोश घेऊन वाचलं, वहीत मराठीत टिपणं काढली, तेव्हा कळलं. फोटोच्या दर्जात पहिल्या आणि मधल्या बाकात फार फरक नसतो. फरक असतो तो फोटो काढणाऱ्याच्या सोयीत. डी९० ला दोन चाकं आहेत, एक अंगठ्याखाली आणि एक तर्जनीखाली. एकाने शटरची वेळ बदलायची, दुसऱ्याने भिंगाचं छिद्र लहान-मोठं करायचं. डोळा व्ह्यूफाइंडरवरून काढावा लागत नाही. स्वस्त कॅमेऱ्यात चाक एकच, दुसऱ्या कामासाठी एक बटण दाबून धरायचं. दुसरं म्हणजे व्ह्यूफाइंडरमध्ये काचेचा अखंड लोलक असतो, पेंटाप्रिझम. स्वस्तात तिथे आरसे जोडून काम भागवतात, त्यामुळे चित्र जरा अंधारं दिसतं. आणि तिसरं, हे फार कमी जणांना माहीत असतं, कॅमेऱ्याच्या पोटात फोकसची मोटर आहे. निकॉनच्या जुन्या ऑटोफोकस भिंगांत स्वतःची मोटर नसते, ती कॅमेऱ्याच्या मोटरवर फिरतात. डी६०, डी५००० या धाकट्या भावंडांत ती मोटर नव्हती. मी पुढे ५० एमएमचं एफ १.८ डी जातीचं छोटं भिंग घेतलं, ते याच भरवशावर.

पहिली पाच वर्षं सोन्याची गेली. साताऱ्याहून यवतेश्वरच्या घाटाने कासला किती वेळा गेलो असेन त्याची गणती नाही. तेरडा, सोनकी, सीतेची आसवं, आणि पांढऱ्या गेंदाची ती बटणासारखी फुलं. देवळातल्या कीर्तनाचे फोटो त्या ५० एमएमवर काढले. बुवांच्या कपाळावरचा घाम दिसायचा, झांजेची कड दिसायची. फोटो काढायला जाणं हेच माझं चालणं, तेच औषध आणि तेच देवदर्शन.

२०१५ च्या सुमारास फोटो बिघडायला लागले.

आधी थोडे मऊ. मग धुरकट. कडा सुटलेल्या, जणू पातळ मलमलीआडून बघतोय. पांढरा रंग मळकट. सीतेच्या आसवांची ती निळी-जांभळी झाक कुठे दिसेचना. व्ह्यूफाइंडरही अंधारा वाटू लागला. मी निष्कर्ष काढला की कॅमेरा म्हातारा झाला. सेन्सरवर काहीतरी साचलंय, किंवा भिंगात बुरशी धरलीय. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती धरतेच.

आता मी शिक्षक माणूस, पुराव्याशिवाय गुण कापत नाही. रीतसर परीक्षा घेतली. भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवलं, कॅमेरा तिकाटण्यावर ठेवला, दहा सेकंदांच्या टायमरवर फोटो काढले. छिद्र एफ ५.६, मग एफ ८, मग ११. संगणकावर पूर्ण मोठे करून पाहिले. सगळे मऊ! ठळक मथळा ठीक, बारीक अक्षरं लोकरीसारखी. झालं, पुरावा मिळाला.

दुरुस्तीवाल्याकडे दिला. त्याने चार दिवस ठेवून घेतला, साफ केला, आणि म्हणाला, "काका, यात काही दोष नाही." मी पैसे दिले आणि घरी येऊन हिला म्हणालो, "लुटतात हे लोक. दोष सापडत नाही तो नाही, आणि वर तोंड करून सांगतात दोषच नाही म्हणून."

ही म्हणाली, "तो खरं सांगत असेल की."

मी उत्तर दिलं नाही. तपासनीसाला मध्येच कोणी विचारलेलं आवडत नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरात दादा कासला आला. माझा थोरला भाऊ. गुडघे गेलेले, काठी टेकत चालायचा, पण म्हणाला, "तू इतकं सांगतोस तर एकदा दाखव तरी." पांढरा सदरा, पांढरी टोपी, आणि भोवती पांढऱ्या गेंदाचा गालिचा. मी साठेक फोटो काढले. तो मला दरडावत होता, "अरे फुलांचे काढ, माझे काय काढतोस!" आणि तरी कॅमेरा वर केला की टोपी सारखी करत होता.

घरी येऊन बघतो तर सगळेच फोटो धुरकट. दादाचा सदरा आठवड्याचा न धुतल्यासारखा. मला इतका राग आला... त्यातले बरे वाटले ते सात ठेवले आणि बाकीचे पुसून टाकले. ते सातही तसे ठेवले नाहीत. संगणकावर त्यांची धार वाढवली, रंग वाढवले, माझ्या मनासारखे दिसेपर्यंत वाढवत राहिलो. त्याच रात्री तो ४२ गुणांचा निकाल लिहिला. फुलांनाही सोडलं नाही. "यंदा पावसाने ओढ दिल्यामुळे फुलं फिकी होती" असंही त्यात आहे. पाऊस दोषी, फुलं दोषी, कॅमेरा दोषी, दुरुस्तीवाला दोषी.

दादा २०१८ मध्ये गेला. त्याच्या मुलांनी विचारलं, "काका, कासचे फोटो असतील ना?" मी म्हणालो, "कॅमेऱ्याने घात केला रे. फोटो आलेच नाहीत."

हे ते खोटं.

कॅमेरा तोवर माझ्याकडे राहिला नव्हता. २०१७ मध्ये माझा एक जुना विद्यार्थी, जो लग्नाचे वगैरे फोटो काढतो, घरी आला होता. त्याला मी भिंगांसकट कॅमेरा देऊन टाकला. किंमत मीच पाडून सांगितली, "बाबा रे, यात दोष आहे, तुला फसवायचं नाही मला." त्याने कॅमेरा डोळ्याला लावला, इकडे तिकडे फिरवला, व्ह्यूफाइंडरजवळचं एक बारीक चाक फिरवलं, आणि जरा थांबून म्हणाला, "सर, एकदा डोळे दाखवून घेतलेत का?"

मी हसलो. म्हणालो, "डोळे? अरे, मी हल्ली चष्म्याशिवाय पेपर वाचतो!"

आणि ते खरंच होतं. चाळीस वर्षं जवळचा चष्मा लावलेला माणूस मी, अडुसष्टाव्या वर्षी चष्मा बाजूला ठेवून वर्तमानपत्र वाचायला लागलो होतो. येईल-जाईल त्याला कौतुकाने सांगायचो. रोज सकाळच्या गाजराच्या रसाला त्याचं श्रेय द्यायचो.

२०१९ मध्ये रात्री स्कूटर चालवताना समोरच्या दिव्यांभोवती मोठमोठी वलयं दिसायला लागली. एकदा खड्ड्यात जाता जाता वाचलो. मग हिने काही ऐकलं नाही, धरून डॉक्टरकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजव्यात जास्त, आणि व्ह्यूफाइंडरला लावायचा डोळा तोच.

मी डॉक्टरांना चष्म्याशिवाय पेपर वाचत असल्याची बढाई सांगितली. ते म्हणाले, "काका, तीच तर खूण आहे." डोळ्याच्या आतलं भिंग मधोमध घट्ट आणि पिवळट-तपकिरी होत जातं तेव्हा त्याची ताकद वाढते. माणूस लघुदृष्टीचा होतो. दूरचं बिघडतं, पण जवळचं काही काळ विनाचष्मा दिसायला लागतं. लोकांना वाटतं दृष्टी परत आली. प्रत्यक्षात ती निघालेली असते.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आधी झालं. जुनं भिंग काढून कृत्रिम भिंग बसवलं. डाव्याचं व्हायला मध्ये काही आठवडे होते, आणि त्या आठवड्यांनी मला जे शिकवलं ते कुठल्या पुस्तकात वाचून समजलं नसतं. एक डोळा मिटायचा, दुसऱ्याने बघायचं. मग उलट. उजव्याने बघितलं की न्हाणीघराच्या फरशा पांढऱ्याशुभ्र, किंचित निळसरच. डाव्याने बघितलं की त्याच फरशा कोऱ्या चहाच्या काचेतून बघितल्यासारख्या. हिची जी साडी मी शेवाळी म्हणायचो ती मोरपिशी निघाली. ही म्हणाली, "मी चार वर्षं सांगतेय."

पिवळं पडलेलं भिंग निळा प्रकाश अडवतं आणि बाकीचा विखरून टाकतं. पण हे इतकं सावकाश होतं की डोळ्याला त्याची सवय होते. आपल्याला वाटतं जग असंच आहे. माझी तर गंमत अशी की जगही फिकं दिसत होतं आणि फोटोही फिके दिसत होते. म्हणजे कॅमेरा इमानदार होता! तुलना मी समोरच्या फुलाशी करतच नव्हतो. मी करत होतो २०१० साली पाहिलेल्या फुलाशी, जे मनात तसंच ताजं होतं. वर्तमानपत्राच्या परीक्षेतही संगणकावरची अक्षरं वाचणारा डोळा माझाच होता. शेजारच्या पोराला हाक मारून "हे वाचता येतं का रे?" एवढं विचारलं असतं तर पाच मिनिटांत निकाल लागला असता. हिला विचारलं असतं तरी चाललं असतं. विचारलं नाही. छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांवर लाल रेघा मारल्या की एवढी ऐट येते अंगात.

दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाल्यावर मी सगळ्यात आधी संगणक लावला. २०१५ ते २०१७ चे फोटो उघडले आणि अक्षरशः मान खाली गेली. मी "सुधारलेला" एकेक फोटो म्हणजे जत्रेतलं चित्र. आभाळ निळीच्या बाटलीसारखं. प्रत्येक पानाभोवती पांढरी रेघ, धार वाढवल्याची. दादाचा सदरा निळसर, चेहऱ्यावरची एकेक सुरकुती कोरल्यासारखी. तो माणूस असा नव्हता दिसत.

पण एक गोष्ट मी नेमाने केली होती. डी९० मध्ये फोटो दोन प्रकारे साठवता येतो. जेपेग म्हणजे कॅमेऱ्याने रंग-धार ठरवून तयार केलेलं चित्र. आणि रॉ म्हणजे सेन्सरवर जो उजेड पडला त्याची कच्ची नोंद, निकॉनमध्ये तिला एनईएफ म्हणतात. आमच्या भाषेत सांगायचं तर जेपेग ही गुणपत्रिका आणि रॉ ही उत्तरपत्रिका. संगणकावर तुम्ही रॉवर काहीही प्रयोग करा, मूळ नोंद तशीच राहते. त्या सात फोटोंच्या उत्तरपत्रिका शाबूत होत्या. मी माझे सगळे फेरफार काढून टाकले आणि पहिल्यापासून बघितलं.

सदरा पांढरा. टोपी पांढरी. गेंदाच्या एकेका बटणातले केसाएवढे तंतू मोजता येत होते. दादा टोपी सारखी करत होता, आणि डोळ्यांत ते "पुरे रे आता"...

फोटो उत्तम होते. सगळे साठच्या साठ तसेच असणार. जे पुसले ते पुसले.

हे सात फोटो मी दादाच्या मुलांना आता पाठवले आहेत. सोबत सविस्तर पत्र लिहायचं धैर्य झालं नाही, म्हणून इथे लिहितोय. पोरांनो, कॅमेऱ्याने घात केला नव्हता. तुमच्या काकाने केला.

पुढची गोष्ट विद्यार्थ्याची. २०१९ च्या दिवाळीनंतर त्याच्या स्टुडिओत गेलो. भिंतीवर माझ्याच कॅमेऱ्याने काढलेल्या एका नवरीचा फोटो, वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानाएवढा, ए३ मापाचा. नथीतला मोती न् मोती दिसतोय. डी९० चे सव्वाबारा मेगापिक्सेल आज फोनच्या जाहिरातीपुढे किरकोळ वाटतात, पण ते एवढ्या छपाईला व्यवस्थित पुरतात, हे मी तिथे नाक लावून पाहिलं. त्याला विचारलं, "तुला तेव्हाच कळलं होतं ना?" तो घुटमळला. मग म्हणाला, "सर, ते डायॉप्टरचं चाक अगदी एका टोकाला जाऊन बसलं होतं."

ते चाक म्हणजे व्ह्यूफाइंडरचा चष्म्याचा नंबर. बघणाऱ्याच्या डोळ्याप्रमाणे थोडं कमी-जास्त करता येतं. डोळा लघुदृष्टीचा होत गेला तसतसं मी ते थोडं थोडं फिरवत एका टोकाला नेलं होतं. टोक संपलं, तेव्हा कॅमेरा अंधारा झाला असं म्हणालो! सगळा पुरावा तिथे होता आणि माझ्या बोटाखाली होता.

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं, सर. तुम्ही पेपर वाचून दाखवलात."

त्याने बाजारभावाच्या फरकाचे पैसे देऊ केले. मी घेतले नाहीत. २०२२ मध्ये त्याने नवीन, आरसा नसलेल्या जातीचा कॅमेरा घेतला, आणि एका संध्याकाळी डी९०, दोन्ही भिंगं, धुतलेला पट्टा असं सगळं पिशवीत घालून घेऊन आला. "सर, तुमचा कॅमेरा." शटर ६१ हजारांवेळा उघडून मिटलं होतं. कंपनीने ते एक लाखापर्यंत तपासलेलं असतं. म्हणजे माझ्यासारखाच, सत्तरीच्या आतबाहेर.

आता दादाच्या नातवाला पहिला पगार झालाय आणि तो विचारतोय, "आजोबा, असा जुना डीएसएलआर मिळतोय, घेऊ का?" त्याच्यासाठी आणि माझ्या मनाच्या शांतीसाठी ही गुणपडताळणी. या वेळी दोन तपासनीस. त्याला आणि कॅमेऱ्याला घेऊन २०२४ च्या सप्टेंबरात कासला गेलो. त्याने आपले गुण वेगळ्या कागदावर लिहिले, मी माझे वेगळ्या. मग दोन्ही समोर ठेवले आणि एकमत झालं ते हे:

हाताळणी, २० पैकी १८. (आधी १४.) दोन चाकं, डोक्यावरची छोटी पट्टी जिच्यावर सगळे आकडे दिसतात, हातात बसणारी मूठ. अंधारातही बोटं जागेवर जातात. दोन गुण गेले ते वजनाचे आणि पावसाचे. बॅटरी आणि १८-१०५ च्या भिंगासकट हे प्रकरण सव्वा किलोच्या जवळ जातं, आणि माझ्या वयात जो कॅमेरा जड तो कपाटात. शिवाय आत पाणी शिरू नये अशी सोय नाही. कासच्या धुक्यात अजूनही प्लॅस्टिकची पिशवी लागते.

व्ह्यूफाइंडर, १५ पैकी १३. (आधी ४.) स्वच्छ, उजळ. फोटोत येणार त्याच्या ९६ टक्केच आत दिसतं, म्हणून कडेला नको ते घुसतं. त्याचे दोन कापले.

चित्राचा दर्जा, २५ पैकी २१. (आधी ९.) वर सगळं सांगून झालंय. चार गुण का कापले? भर उन्हात गेंदासारखं पांढरं असेल तर हा कॅमेरा उजेड जरा जास्त घेतो आणि पांढऱ्यातले तपशील उडतात. मी अर्ध्या-पाऊण पायरीने कमी करून ठेवतो. नवशिक्याला हे कोणी सांगत नाही.

कमी उजेड, १५ पैकी ११. (आधी ६.) आयएसओ १६०० पर्यंत निर्धास्त, ३२०० ला दाणे दिसतात. नवे कॅमेरे इथे कितीतरी पुढे गेलेत. पण ५० एमएमच्या भिंगाबरोबर देवळातल्या दिव्यांपुरतं भागतं.

वेग आणि फोकस, १५ पैकी १०. (आधी ६.) सेकंदाला साडेचार फोटो. फोकसचे ११ बिंदू, त्यातला मधला भरवशाचा. बसलेला पक्षी मिळतो, उडणारा नशिबाने.

व्हिडिओ, १० पैकी ३. (आधीही ३.) चलच्चित्र घेऊ शकणारा हा जगातला पहिला डीएसएलआर, हा मान त्याचाच. पण एका वेळी पाचच मिनिटं, चालू असताना फोकस हाताने, आणि कॅमेरा भर्रकन फिरवला की खांब जेलीसारखे वाकतात. मान मिळाला म्हणून गुण मिळत नाहीत. २०१६ मध्ये मी आंधळा होतो, तरी एवढं बरोबर तपासलं होतं!

एकूण ७६. विशेष प्राविण्य.

भरपाई म्हणून एकही गुण वाढवलेला नाही. नातवाने तर व्ह्यूफाइंडरला १४ दिले होते, मीच खाली आणले.

आणि घेऊ का, या प्रश्नाचं उत्तर. शिकायचं असेल तर घे. पण आधी शटर किती झालंय ते विचार. भिंग उजेडापुढे धरून कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आहे का बघ. छिद्र एफ १६ करून कोऱ्या आभाळाचा फोटो काढ, सेन्सरवरचे डाग त्यात दिसतील. अंगठ्याखालचं रबर सुटलंय का बघ, या कॅमेऱ्यात ते सुटतं. जुनी बॅटरी धरूच नकोस, नवी घ्यायची असं समजून किंमत कर. कार्ड ३२ जीबीपर्यंतचंच वापर. व्हिडिओच हवा असेल तर हा तुझा कॅमेरा नव्हे, तुझा फोन बरा. आणि २०१० साली आलेला याचा पुढचा भाऊ, डी७०००, जवळपासच्या भावात मिळाला तर तो घे. त्यात पूर्ण १०० टक्के व्ह्यूफाइंडर आहे आणि कार्डं दोन बसतात.

हे सगळं मी त्याला कासच्या वाटेवर सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग हाच द्या की मला, आजोबा."

दिला. तसाही मला सव्वा किलो पेलत नाही. त्याने कॅमेरा डोळ्याला लावला, म्हणाला, "धूसर दिसतंय." मी काही बोलणार इतक्यात त्यानेच ते बारीक चाक शोधलं, दोन खटके फिरवलं आणि म्हणाला, "हां, आता बरोबर."

घरी आल्यावर त्याला सात फोटो दाखवले. पणजोबांच्या वयाचे वाटणारे आपले आजोबा त्याने बराच वेळ बघितले. मग विचारलं, "असे सातच का?"

त्याला खरं काय ते सांगितलं.